गोल खांबाभोवतीची फरशी

गोल खांबाभोवती चौकोनी फरशी बसवायची तर सुरुवात कापण्यापासून होत नाही, दोरीपासून होते. हे कोणी आधी सांगितलं असतं, तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या नवव्या मजल्यावर मी सकाळभर कोड्यात पडून उभी राहिले नसते. फरश्यांचे खोके येऊन पडले होते, ग्राइंडर आला होता, पाण्याची बादली भरलेली होती आणि उस्ताद मात्र गुडघ्यांवर बसून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणत होते, सोडत होते, दोन बोटं सरकवून पुन्हा ताणत होते. काम कधी सुरू होणार, असं मी विचारलं. वर न बघता ते म्हणाले, "मॅडमजी, काम तो चालू है."

मी मिरजेची. स्थापत्याचा डिप्लोमा झाल्यावर दिल्लीत कार्यालयांची अंतर्गत कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरी मिळाली आणि पहिलीच साइट ही. कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुना कर्झन रोड, कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे उतरणारा. जुने बंगले जाऊन इथे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि आता त्या इमारतीही जुन्या होऊन आतून नव्या केल्या जाताहेत. २०१३ साली सुरू झालेलं नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. तिथे जेवायला गेलं की आजूबाजूला मराठी ऐकू येतं, तेवढाच आधार. साइटवर हिंदी आणि बंगालीच. उस्ताद मालदा जिल्ह्यातले. सगळेच त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

स्वागतकक्षात दोन गोल खांब होते. नकाशात ती सहाशे मिलिमीटर व्यासाची दोन स्वच्छ वर्तुळं होती. प्रत्यक्षात प्लास्टरवर प्लास्टर आणि रंगावर रंग चढून त्यांचा आकार कधीच बिघडला होता. उस्तादांनी खांबाच्या दोन बाजूंना दोन गुन्ये टेकवले आणि मला मधलं अंतर मोजायला सांगितलं. एकीकडून ६२२ भरलं, काटकोनात फिरून मोजलं तर ६३४. मी चक्रावले. दोन्हीतलं खरं माप कुठलं? दोन्ही खरी, असं ते म्हणाले. कारण फरशी या खांबाला लागायची होती, नकाशातल्या वर्तुळाला नाही.

मग दोरीचं कोडं उलगडू लागलं. आमची फरशी ६०० बाय १२०० मिलिमीटरची. चार फरश्यांचे कोपरे जिथे भेटतात, तो बिंदू नेमका खांबाच्या मध्यावर आणता आला तर प्रत्येक फरशीचा फक्त एकेक कोपरा गोल कापावा लागतो. सांधा खांबाच्या मधून गेला पण कोपरे तिथे भेटले नाहीत, तर दोन फरश्यांच्या कडेतून अर्धगोल काढावा लागतो. तशा फरशीला दोन बाजूंना दोन अरुंद पाय उरतात, आणि उचलताना मोडतात ते तेच. सांधा आणखी सरकला तर खांबाच्या एका बाजूला बोटभर रुंदीची गोलसर चिंधी बसवायची वेळ येते. ती कापतानाच तुटते, आणि नशिबाने बसली तरी सगळ्यांची नजर आधी तिच्यावर जाते. शिवाय भिंतीलगत अर्ध्या फरशीहून अरुंद पट्टी येता कामा नये, दारातून आत आल्यावर सांधे सरळ दिसले पाहिजेत, आणि एक खांब साधला म्हणून दुसरा साधेलच असं नाही. दोन खांबांमधलं अंतर फरशीच्या पटीत बसत नव्हतं. उस्तादांनी पहिल्या खांबाला चार कोपरे दिले आणि दुसऱ्याला अर्धगोल. "ये दूसरा वाला टाइम खाएगा," असं पुटपुटत त्यांनी जमिनीवर खुणा मारल्या. ग्राइंडर अजून पिशवीतच होता. पण सगळ्यांत अवघड काप कुठे येणार आणि कुठे टळणार, हे तोवर ठरून गेलं होतं. फरशीकामातली अर्धी अक्कल इथे लागते असं आता माझं मत आहे, आणि हा भाग कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही.

मला त्या फरशीचा स्वभावच समजत नव्हता. स्वच्छतागृहाच्या भिंतीची पांढरी टाइल नुसत्या पकडीनेही कुरतडता येत होती. जमिनीच्या फरशीला तीच पकड लावली तर नुसता ओरखडा. उस्तादांनी दोन्हींचे तुकडे उलटे ठेवून पाठीवर ओंजळभर पाणी टाकलं. भिंतीच्या टाइलने ते पाहता पाहता पिऊन टाकलं आणि तिथे गडद डाग उमटला. जमिनीची फरशी पोर्सेलीनची, तिच्या पाठीवर पाणी तसंच डबडबत राहिलं. पुढे मी यावर वाचलं. बारीक माती, फेल्स्पार आणि क्वार्ट्झची पूड प्रचंड दाबाखाली दाबून १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की फेल्स्पार वितळून कणांमधल्या फटी बुजवतो. अशी फरशी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. आपल्याकडे ती मुख्यतः गुजरातमधल्या मोरबीहून येते, आणि दुकानदार तिला व्हिट्रिफाइड म्हणतात. छिद्रं नाहीत म्हणून डाग धरत नाही, झिजत नाही. पण त्याच कारणाने नुसत्या सिमेंटच्या पाण्यालाही ती धरत नाही. त्यासाठी पॉलिमरवाला चिकटा लागतो, आणि भट्टीत चिकटू नये म्हणून पाठीला फासलेली पांढरी भुकटी आधी ओल्या फडक्याने पुसून काढावी लागते. तिच्यात एकदा तडा सुटला की मध्ये कुठे थांबत नाही, आरपार जातो.

सरळ काप मात्र डोळ्यांना सुख देतो. दोन दांड्यांवर सरकणारा हातकटर, त्याला कार्बाइडचं इवलंसं चाक. चाक फरशीच्या तोंडावरून एकदाच, एका दमात, एकाच जोराने न्यायचं. करकर आवाज सलग आला पाहिजे, मध्ये तुटला तर तिथे रेघ पडलेली नाही. मग दांडा दाबला की टक्कन दोन तुकडे. रेघ फिकट दिसते म्हणून दुसऱ्यांदा चाक फिरवायचा मोह होतो, पण ते करायचं नाही. दोन रेघा कधीच तंतोतंत एकावर एक पडत नाहीत, तडा कुठल्या रेघेने जायचं ते ठरवू शकत नाही आणि कडेला टवके उडतात. चाक फरशी कापत नाही, फक्त वाट आखून देतं. कापण्याचं काम तो तडाच करतो.

तडा सरळच धावतो, वळणावर वळत नाही. म्हणून वाकड्या जागा आल्या की हातकटर बाजूला ठेवून ग्राइंडर घ्यावा लागतो.

दाराच्या चौकटीला एल आकाराचा काप हवा होता. मला ते अगदी सोपं वाटलं होतं, कोपऱ्यापर्यंत एक काप, दुसऱ्या बाजूने दुसरा, तुकडा निघाला. उस्तादांनी आधी कोपऱ्याच्या खुणेवर छोटं भोक पाडलं. आतला कोपरा टोकदार राहिला तर सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि आज ना उद्या तिथून तिरपा तडा सुटतो. भोकाच्या गोलाईत तो ताण पांगतो. मग ते कापत कोपऱ्याच्या जवळ आले, थांबले आणि फरशी उलटी केली. का, ते मला कळेना. त्यांनी एका टाकाऊ तुकड्यावर दाखवलं. पातं गोल असतं, त्यामुळे ते ज्या बाजूने शिरतं तिथे काप लांब पडतो आणि पलीकडच्या बाजूला आखूड. तोंडाच्या बाजूनेच कोपऱ्यापर्यंत पुरा काप घेतला, तर पाठीपर्यंत पोचेतो तोंडावर तो कोपऱ्याच्या पुढे निघून गेलेला असतो, आणि ती चीर कायमची दिसत राहते. शेवटचं बोटभर पाठीकडून कापलं की पुढे गेलेली चीर पाठीवर पडते आणि चिकट्यात गाडली जाते. मी भूमितीत पास झाले होते, पण गोल पात्याचा हा हिशोब कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता.

पहिला खांब फार त्रास न देता झाला. दुसऱ्याच्या वेळी मी उस्तादांच्या शेजारीच बसले. फरश्यांच्या खोक्याचा पुठ्ठा त्यांनी बरोबर फरशीच्या मापाचा कापला, सांध्याच्या रेषेवर ठेवला आणि खांबाला भिडवला. कंपासचं टोक खांबाला लावून, पेन्सिल पुठ्ठ्यावर ठेवून, कंपासची फाक न बदलता तो हळूहळू खांबाच्या अंगाने फिरवत नेला. खांबाला जिथे पोक होतं तिथे रेघेलाही पोक आलं, जिथे तो आत दबला होता तिथे रेघ दबली. कात्रीने कापून पुठ्ठा पुन्हा लावला, एका ठिकाणी नखाएवढी फट दिसली, तिथे कागदी टेप चिकटवून पुन्हा रेघ मारली. पुठ्ठा नीट बसल्यावरच फरशीला हात लावला. पुठ्ठ्यावर त्यांनी बाणही काढला होता. तोच पुठ्ठा उलटा धरला की डावी बाजू उजवी होते, आणि फरशी वाया जाते.

आता प्रत्यक्ष काप. रेघेवरून पातं गोल फिरवतील अशी माझी कल्पना होती. पण सरळ पातं वळवलं तर कापात अडकतं, उसळतं, कधी फुटतं. त्यांनी कडेपासून रेघेच्या अलीकडे सुतभर राहील एवढे सरळ काप एकाशेजारी एक घेतले, म्हणजे मधल्या भागाच्या फणीच्या दात्यांसारख्या पट्ट्या झाल्या. मदतनीस मुलगा पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर बारीक धार धरून होता. मग पकडीने एकेक दाता हलकेच मोडून काढला. उरलेला खडबडीत गोल पात्याच्या पोटाने घासत घासत रेघेपर्यंत आणला, आणि इथे त्यांनी ग्राइंडर किंचित तिरपा धरला. त्यामुळे फरशीच्या तोंडाची कड पुढे राहिली आणि पाठ थोडी आत गेली. खांबाशी भिडते ती वरची एक मिलिमीटरची कडच. खालचा भाग जितका कमी आडवा येईल तितकं बरं. शेवटी हिऱ्याच्या कणांचा घासपट्टा हाताने फिरवून धार मोडली, कारण सुरीसारखी धार राहिली तर नंतर फडकं मारतानाही टवका उडतो.

फरशी बसवली. ती खांबाला टेकली नाही! चहूकडून सुतभर, म्हणजे तीनेक मिलिमीटर, फट होती. इतक्या मेहनतीनंतर फट का ठेवली, हे मला उमगेना. उस्तादांनी बोट फिरवून फट सगळीकडे सारखी आहे हे दाखवलं. इमारत हलते, खांब आणि जमीन एकाच चालीने हलत नाहीत. दिल्लीत जानेवारीच्या रात्री आणि जूनच्या दुपारी चाळीस अंशांचा फरक पडू शकतो. खांबाला घट्ट भिडवलेली फरशी कुठे जाणार? ती उचकटते नाहीतर तडकते. म्हणून खांबाभोवती ग्राउट भरत नाहीत, त्याच रंगाचं लवचीक सिलिकॉन भरतात. चपखल म्हणजे घट्ट, हा माझा समज होता. उस्तादांच्या कामात चपखल म्हणजे सगळीकडे सारखं.

मला ग्राइंडर चालवून पाहायचा होता. उरलेल्या तुकड्यावर, चष्मा आणि मास्क लावून, उस्तादांनी चालवू दिला. हातांना मुंग्या येतात, आणि आवाजाकडे लक्ष द्यावं लागतं हे कळतं. पातं नीट कापत असलं की आवाज भरीव असतो, जोर जास्त झाला की तो खाली बसतो, आरपार व्हायच्या बेतात आला की पोकळ होतो. तिथे हात हलका करायचा, नाहीतर शेवटचा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटून कड घेऊन जातो. थोड्या वेळाने पातं नुसतंच घासू लागलं, कापेना. उस्तादांनी ते लाल विटेत दोन-चारदा फिरवून परत दिलं आणि ते पुन्हा चालू लागलं. हिऱ्याचे कण धातूत रुतलेले असतात. कठीण पोर्सेलीनवर वरचे कण बोथट होतात, वीट भोवतालचा धातू खाते आणि नवे कण उघडे पडतात. नळासाठी भोक पाडतानाही असंच काही शिकायला मिळालं. कोअर बिट उभं धरलं तर गुळगुळीत तोंडावर घसरत सुटतं. तिरपं धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचं, पाणी सोडत राहायचं आणि हॅमरचं बटण चुकूनही लावायचं नाही.

या दिवसांत जाता-येता त्याच रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीपुढे माझे पाय थांबू लागले. गोव्याची कला अकादमी ज्यांनी उभारली त्या चार्ल्स कोरियांची ही इमारत, १९९२ सालची. दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन या ब्रिटिश चित्रकाराने योजलेलं भव्य भित्तिचित्र आहे. पांढऱ्यावर काळे आकार, मोठ्या झाडाची सावली पसरलेली. त्यात रंग कुठेच नाही. पांढरा आहे तो मकराण्याचा संगमरवर, काळा आहे तो कडप्पा, आपल्या ओट्यावरचाच. आधी मला ते चित्र दिसायचं. आता मला काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचे काप दिसतात. आमच्या खांबाला निदान एकाच बाजूने कापायचं होतं. तिथे प्रत्येक वळण दोनदा कापावं लागलं असणार, एकदा काळ्यात बाहेर फुगलेलं, एकदा पांढऱ्यात आत गेलेलं, आणि दोन्हींनी एकमेकांत बसायचं. चित्रकाराचं आणि वास्तुकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तो दगड कोणाच्या हातांनी कापला, हे मी त्या इमारतीविषयी वाचलं त्यात कुठेच आलं नव्हतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धुळीबद्दल सांगितलंच पाहिजे. कोरडी पोर्सेलीन कापली की पांढरा धूर उठतो आणि त्यात क्वार्ट्झची बारीक भुकटी असते. ती फुफ्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. राजस्थानच्या दगडखाणींतल्या हजारो मजुरांना तो झाला आहे. साधा गमछा ही भुकटी अडवत नाही. पाणी धरलं तर बहुतेक धूळ चिखल होऊन खाली बसते, त्यावर चांगला मास्क हवा. इतकं स्वस्त आणि सोपं असूनही ते होत नाही, कारण पाण्याने चिखल होतो, चिखल पुसायला माणूस लागतो, आणि वेळ सगळ्यांनाच कमी असतो. दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषणाच्या पातळीनुसार वाढत जाणाऱ्या निर्बंधांचे, टप्पे लागू होतात. तिसऱ्या टप्प्यात ज्या कामांवर बंदी येते त्यांत फरश्या-दगड कापणं आणि बसवणंही आहे. आमचं काम असंच मध्येच थांबलं, दुसऱ्या खांबाची एक बाजू बाकी असताना. शहराच्या हवेसाठी बंदी हवीच, याबद्दल मला शंका नाही. पण जो माणूस वर्षभर तीच धूळ नाकाशी घेऊन काम करतो, त्याच्या हवेची आठवण शहराला फक्त त्या दिवसांत येते, आणि तेव्हा त्याची मजुरी बुडते.

काम पुन्हा सुरू होऊन संपल्यावर उस्तादांचं बिल माझ्याकडे आलं. सगळं चौरस फुटावर! मोकळ्या हॉलमधली सलग फरशी आणि खांबाभोवतीची फरशी, दोन्हींना एकच दर. हॉलमध्ये ते दिवसाला जेवढी जागा उरकत, तेवढ्याच वेळात खांबापाशी दोन फरश्या होत. चौरस फुटापलीकडे बिलाला दुसरी भाषा नाही म्हणून असेल किंवा सवय म्हणून, त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. बाहेरच्या कोपऱ्यांचा ४५ अंशांचा काप तेवढा रनिंग फुटावर वेगळा मिळतो, तसा तो त्या बिलातही होता. गोल काप, चौकटीचे एल, पाइपची भोकं यांना मात्र कुठे जागाच नव्हती.

पुढच्या नोएडाच्या कामाचं परिमाणपत्रक मी तयार केलं, तेव्हा त्यात नव्या ओळी घातल्या. खांबाभोवतीचा गोल काप, नगावर. पाइपचं भोक, नगावर. चौकटीचा एल काप, नगावर. पाण्यावर चालणारं कटिंग यंत्र आणि मास्क, कंत्राटदाराच्या खर्चाने. आमच्या साहेबांनी विचारलं की हे कोणत्या दरपत्रकात आहे. मी त्यांना पुठ्ठ्याचा, दात्यांचा आणि बसलेल्या फरशीचा असे फोटो एकापाठोपाठ एक दाखवले आणि दोन्ही प्रकारच्या फरश्यांना लागलेला वेळ सांगितला. गोल कापाची आणि भोकांची ओळ त्यांनी ठेवली. एल कापावर अजून बोलणं चालू आहे. यंत्राची मागणी खरेदी विभागाकडे गेली आहे, आणि काम सुरू व्हायच्या आत ते आलं नाही तर मी पुन्हा पत्र लिहिणार आहे.